वाचकांचे प्रश्न : अभंगामागे पडदा हवा का?

प्रश्न : ताई, आमचं हौशी मंडळ दर आषाढीला अभंगांचा कार्यक्रम करतं. गेल्या वर्षी पोरांनी गायकांच्या मागे मोठा एलईडी पडदा लावला. दिंड्या, चंद्रभागा, ड्रोनमधून घेतलेली वारी असं सगळं सतत फिरत होतं. तरुणांना आवडलं, पण जुनी मंडळी रागावली. गाणं ऐकूच आलं नाही म्हणाली. गाण्याला चित्राची जोड देणं मुळातच चूक आहे का? यंदा पडदा काढून टाकावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पडदा काढू नका. पण जुन्या मंडळींचं म्हणणंही कानाआड करू नका, ते अगदी खरं आहे.

गाणं आणि चित्र एकत्र नांदणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. आणि जमलं तर मंडळातल्या दोघा-तिघांना घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला जाच. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाण्याची ही कला, अजून जिवंत ठेवली आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. घरच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं.

तिथे मी जे पाहिलं ते तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र समोर उभं करतो आणि गाऊ लागतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक, म्हणजे मधे बारीक असलेलं छोटं तालवाद्य. हुडकाची दोरी आवळली की आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो. समोरचं चित्र जागचं हलत नाही. मोठाल्या डोळ्यांची माणसं, ताणलेली धनुष्यं, मधल्या मोकळ्या जागेत बाणच बाण. गाण्यात युद्ध रंगू लागलं, हुडूक चढला, की तेच बाण सुटताना दिसू लागतात! प्रसंग संपेपर्यंत चित्र तेच राहतं. मग ते उलटलं जातं आणि पुढची ओळ येते.

तुमच्याकडे गाणंही धावत होतं आणि चित्रही. अशा शर्यतीत डोळा कानाला हरवतो, नेहमीच. म्हणून दोघांपैकी एकालाच हलू द्या. कार्यक्रम गाण्याचा आहे, तेव्हा चित्राने थांबायचं.

परदेशातही ज्यांनी याचा मनापासून विचार केला, त्यांनी हे जाणलं होतं. रशियन संगीतकार स्क्रियाबिन याने 1910 मध्ये ‘प्रोमेथिअस’ ही रचना पूर्ण केली. तिच्या स्वरलिपीत सगळ्या वाद्यांच्या वर एक ओळ चक्क प्रकाशासाठी आहे, कुठल्या क्षणी कोणता रंग हे तिथे सुरांतच लिहिलेलं. त्या ओळीतही दोन धारा आहेत. एक एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाबरोबर बदलते, दुसरीतला रंग मात्र कितीतरी वेळ तसाच टिकून राहतो. 1911 साली मॉस्कोतला पहिला प्रयोग रंगांशिवायच करावा लागला. 1915 मध्ये न्यूयॉर्कला ते पडद्यावर दिसले.

आता तुमच्यापुरतं सांगते. एका अभंगाला एकच चित्र ठेवा, फार तर दोन. बदलायचं ते अंतरा संपून टाळ-मृदंग वाजत असताना, शब्दांवर कधीच नाही. ड्रोनची दृश्यं पूर्ण बंद. गावातल्या चित्रकला शिक्षकांना गाठा, अभंग ऐकवा आणि त्यांच्याकडून नवी चित्रं काढून घ्या. पडद्याचा उजेड इतका उतरवा की गाणाऱ्याचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा पहिल्या तालमीपासून टाळकऱ्यांशेजारी बसू दे. त्याला अभंग तोंडपाठ हवा. तोही त्या दिवशीचा साथीदारच आहे, निवेदकाने त्याचंही नाव घ्यावं.

प्रश्न : मी शास्त्रीय गाणं शिकते. रागमालेची चित्रं, म्हणजे एकेका रागाला माणसाचं रूप देऊन काढलेली जुनी चित्रं, पाहून राग समजायला मदत होते का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : स्वर समजायला नाही. जुन्या चित्रांत तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती गोळा झालेली हरणं. त्यावरून तोडीचा कोमल गंधार कसा लावायचा ते कळणार नाही. शिवाय त्या काळातले अनेक राग आज त्याच रूपात गायलेही जात नाहीत. पण त्या रागाकडून लोकांनी काय अपेक्षा केली, कोणती वेळ, कोणता ऋतू, कसली ओढ, हे त्यांतून फार सुंदर कळतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं आहेत. गुरूंकडून तोडीची एक बंदिश नीट घोटून घे आणि मग पाहायला जा.