पोह्यांच्या डब्यातला फोन

ती माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याजवळ फोन नव्हता. नवरा सोबत होता. तो म्हणाला, "ताई, हिचा फोन घरी डब्यात असतो." स्टीलचा, घट्ट झाकणाचा, पोह्यांचा डबा. संध्याकाळी एकदा फोन बाहेर काढायचा, कुणाचे मिस्ड कॉल आलेत ते बघायचं आणि परत झाकण लावायचं. घरातला राउटर बंद. नवऱ्याचा फोन रात्री गॅलरीत. आईशी रोज होणारं बोलणं आठवड्यावर गेलेलं.

वय २७, पतसंस्थेत नोकरी, सध्या बिनपगारी रजा. दोन महिन्यांपूर्वी आठव्या आठवड्यात तिचं मिसकॅरेज झालं होतं. (हे सगळं तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"माझ्यामुळेच गेलं ते," ती म्हणाली. "मी रात्री फोन पोटावर ठेवून गाणी ऐकायचे. तशीच झोप लागायची."

हे तिच्या मनात आलं कुठून, हे विचारल्यावर नवऱ्याने त्याच्या फोनवर घरच्यांचा ग्रुप उघडून दाखवला. ती दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात तिथे तीन गोष्टी येऊन पडल्या होत्या. गरोदर बाईने फोन पोटाजवळ ठेवला तर गर्भ 'भाजून' जातो, हा एक मेसेज. बॅटरीची एकच कांडी उरली की रेडिएशन हजारपट होतं, हा दुसरा. सोबत चार फोन मध्ये ठेवून मक्याचे दाणे फुलवल्याचा व्हिडिओ. पाठवणाऱ्यांत तिच्या सासूबाईही होत्या. कुणी मुद्दाम टोचायला पाठवलं असेल असं मला वाटत नाही. पण ते पोचलं ते थेट जखमेवर.

मी एकेक घेऊन बोलले. मक्याच्या लाह्यांचा तो व्हिडिओ २००८ सालचा, ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीने जाहिरातीसाठी बनवलेला. दाणा फुलायला साधारण १८० अंश सेल्सिअस उष्णता लागते. फोरजी फोन जास्तीत जास्त जोर लावून पाव वॉटसुद्धा लहरी सोडत नाही, मग चार फोनांनी दाणा फुलणार कसा? बॅटरीच्या मेसेजमध्ये दोन गोष्टींची गल्लत आहे. फोनच्या लहरी वाढतात त्या टॉवरची रेंज कमी असेल तेव्हा, बॅटरी उतरल्यावर नव्हे. आणि वाढल्या तरी ठरलेल्या मर्यादेच्या आतच. आपल्याकडे अंगात मुरणाऱ्या लहरींची ती मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून शरीराच्या ऊतींच्या दर किलोमागे १.६ वॉट आहे, आणि आपल्या फोनचा आकडा स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की दिसतो. तिचा डबासुद्धा उलटंच काम करत होता. झाकण लागलं की रेंज कमी व्हायची, म्हणून फोन आतल्या आत जास्त जोर लावायचा.

'भाजून जातो' या शब्दावर मी जास्त वेळ थांबले, कारण तिची झोप त्याच शब्दाने उडाली होती. रेडिएशन म्हटलं की आपल्याला एक्स-रे आठवतो. एक्स-रेमध्ये पेशीतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. फोनची लहर रेडिओच्या जातीची आहे. तिच्या एका कणाची ऊर्जा देवघरातल्या निरांजनाच्या प्रकाशकणापेक्षा लाखपटीहून कमी भरते. ती बंध तोडू शकत नाही. तिचा सिद्ध झालेला परिणाम एकच, किंचित ऊब, आणि तीही शरीर सहज पेलेल एवढीच राहावी म्हणून ही मर्यादा.

नवऱ्याने विचारलं, "पण जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅन्सरच्या यादीत टाकलंय ना?" प्रश्न रास्त होता. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना '२ ब' गटात ठेवलं, म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्यानंतर याच संघटनेसाठी ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले, २०२४ मध्ये निष्कर्ष आला आणि मोबाइल वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

तिने सगळं ऐकलं, मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आली तेव्हाही फोन डब्यातच होता.

चूक माझी होती. माहिती दिली की भीती जाईल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मी तिला फक्त एवढंच विचारलं, "फोनमुळे नसेल झालं, तर मग कशामुळे झालं असं तुला वाटतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग माझ्यातच काहीतरी खोट असणार. फोन असला तर निदान पुढच्या वेळी लांब ठेवता येईल."

तेव्हा कुठे मला तो डबा कळला. फोन दोषी ठरला की तिच्या हातात काहीतरी उरत होतं. ते कारण मी काढून घेत होते आणि त्या जागी काहीच ठेवत नव्हते.

पुढचं बोलणं म्हणून मी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन केलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की दिवस राहिल्याचं कळलेल्या दर दहा बायकांपैकी एक-दोघींच्या बाबतीत हे घडतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ती चूक बहुधा गर्भ राहतो त्या वेळीच झालेली असते, आईने नंतर काय खाल्लं, काय उचललं, काय ऐकलं याच्या आधी. आणि एकदा असं झालेल्या बहुतेक जणींचं पुढचं बाळंतपण नीट होतं. ती रडली. मी तिला थांबवलं नाही.

चौथ्या वेळी सासूबाई आल्या, मी बोलावलं म्हणून. सत्तरीच्या, नऊवारीतल्या. आपण पाठवलेल्या मेसेजमुळे सुनेने फोन डब्यात ठेवला, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या सुनेकडे न बघता बोलायला लागल्या.

"माझं पहिलं असंच गेलं. तिसऱ्या महिन्यात. तेव्हा गावात सरपंचाकडंसुद्धा फोन नव्हता. मला म्हणाले, तू ग्रहणात विळीवर बसून भाजी चिरलीस. मी चिरली नव्हती ओ. पण सगळे म्हणायला लागले तशी मलाच वाटायला लागलं, की चिरली असेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "विळी धरायची म्हटलं की अजून हात अडखळतो."

सुनेने त्यांचा हात धरला. त्या खोलीत मला बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फोन आता डब्यात नसतो. रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो. तेवढं मीच सुचवलं, झोपेसाठी. आईला ती पुन्हा रोज फोन करते. महिन्याभराने नवऱ्याने मला ग्रुपवरचा एक व्हॉइस मेसेज ऐकवला. रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून घातक किरणं जाणार, नासाने सांगितलंय, फोन बंद ठेवा, असं कुणीतरी पुन्हा टाकलं होतं. खाली सासूबाईंचा आवाज होता: "अशी किरणं रोजच येतात म्हणे, फोन चालू असो नायतर बंद. आणि पोटुशी बाईला भिववणारं काही इथं टाकू नका. माझंही एक गेलंय. तेव्हा आमच्या घरात फोन नव्हता."