थकवा, डोकेदुखी आणि मळमळ : दुखणे एक की तीन?

प्रश्न : माझे वय ४२ असून मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर काम करते. दीड वर्षापासून महिन्यातून चार-पाच वेळा डोक्याची उजवी बाजू ठणकते, मळमळते, उजेड नकोसा होतो, उलटी झाली की जरा बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण राहत नाही. एरवीही थकवा असतोच. घरचे याला पित्त म्हणतात. एका डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी चष्मा तपासायला सांगितला, तिसऱ्यांनी ताकदीची सलाइन लावली. हिमोग्लोबिन ९.४ आले, बीपी, साखर ठीक आहे. मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी हल्ली जवळजवळ रोज लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी उपवास असतो. नळाचे पाणी काही दिवसांआड, तेही कधी मध्यरात्री येते. सकाळी थोडी मिश्री लावते. सोळा वर्षांच्या मुलीचेही आता डोके दुखू लागले आहे. हे एकच दुखणे आहे का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, पत्र वाचून असे वाटते की तुम्हाला दोन आजार असावेत आणि त्यांत रोजच्या गोळीने भर घातली असावी. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही, तरी प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी देण्याची जी वाट आतापर्यंत धरली गेली, ती सोडून सगळ्याचा एकत्र विचार करायला हवा.

एका बाजूचे ठणकणे, त्यासोबत मळमळ, उजेडाचा त्रास आणि दुसऱ्या दिवशीची गळाठलेली अवस्था हे वर्णन अर्धशिशीचे, म्हणजे मायग्रेनचे आहे. उलटीनंतर बरे वाटते म्हणून आपल्याकडे त्याचे खापर पित्तावर फोडले जाते, परंतु मळमळ हा त्या झटक्याचाच भाग असतो आणि त्या काळात जठराचे काम मंदावते. म्हणूनच डोके पुरते चढल्यावर घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते आणि लवकर लागू पडत नाही. उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार साधारण तिपटीने आढळतो, आणि पाळीच्या आसपास किंवा पाळी अनियमित होऊ लागण्याच्या वयात तो अनेकींना अधिक छळतो.

मधल्या दिवसांतला थकवा मात्र एकट्या अर्धशिशीचा नसावा. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे लागते, तुमचे ९.४ म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय आहे, आणि त्यानेही डोके जड होते, जिना चढताना धाप लागते. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तसे असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भाशयाच्या गाठी आहेत का हे पाहून घ्यावे. नसेल तर रक्त कुठे कमी होते याचा शोध अन्यत्र घ्यावा लागेल. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), जीवनसत्त्व बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्याही कराव्यात. पाळी चुकली असेल तर गर्भधारणेची चाचणी सर्वांत आधी करावी, कारण या वयात तो विचार हमखास राहून जातो. लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू झाल्यावर चहाबरोबर घेऊ नये. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि तिनेच मळमळू लागले तर जेवणानंतर घ्यावी. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातला लोहाचा साठा भरण्यासाठी ती साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते. सलाइनबद्दल एवढेच सांगतो की पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तेवढी साखर चहातूनही पोटात जाते.

आता गोळीविषयी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. शिवाय यांतल्या अनेक गोळ्या जठराला इजा करतात, त्यातून मळमळ वाढते आणि जठरातून नकळत रक्त जात राहिले तर हिमोग्लोबिनही उतरते. एका गोळीने तुमच्या तिन्ही तक्रारींना खतपाणी मिळते ते असे. ती थांबवल्यावर पहिले काही दिवस, कधी आठ-दहा दिवस, डोके अधिक दुखते आणि बहुतेक जण तिथेच हार मानतात. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. झटके कमी व्हावेत म्हणून रोज घेण्याची वेगळी औषधे असतात, त्यांची चौकशी अवश्य करा.

तुमची दिनचर्या पाहिली तर झटक्याला निमंत्रण देणाऱ्या गोष्टी तिथेच सापडतात. पाण्यासाठी मध्यरात्री उठून पिंपे भरल्यावर पुन्हा झोप लागत नाही आणि अर्धशिशीला तुटलेली झोप अजिबात चालत नाही. पाणी भरण्याचे काम घरातल्या इतरांनी आळीपाळीने का करू नये, हा प्रश्न मी तुमच्यापेक्षा तुमच्या घरच्यांना विचारतो. उपवासाच्या दिवशी दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहणे सोडा. इतर दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही इतके पोटात गेले तरी फरक पडेल. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या शेडखाली उकाडा आणखी वाढतो, आणि कारखान्यातले स्वच्छतागृह धड नसल्यामुळे कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. घाम आणि तहान यांनीही हीच तिन्ही लक्षणे उमटतात. अशा वेळी सावलीत बसून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे.

मिश्रीचा उल्लेख तुम्ही संकोचाने केला आहे, पण तो केलात हे फार बरे झाले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते आणि उपाशीपोटी त्याने मळमळ, गरगर होते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. चष्म्याचे म्हणाल तर चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना कपाळ दुखू शकते, तेव्हा डोळे जरूर तपासा. मात्र उलटीपर्यंत जाणारे दुखणे सहसा चष्म्याने बरे होत नाही.

महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकेदुखीचा दिवस, पाळी, उपवास, पाण्याची रात्र आणि घेतलेली गोळी यांच्या खुणा करा. ते पान आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन एकाच फिजिशियनकडे जा. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागातही हे काम होऊ शकते. मात्र काही क्षणांत असह्य झालेली डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे, बोलणे अडखळणे, हातापायांत अशक्तपणा, गुंगी, डोळा लाल होऊन दिव्याभोवती वलये दिसणे, किंवा छातीत दडपण येऊन मळमळणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पिंपांत साठवलेल्या पाण्यावर डेंग्यूचे डास वाढतात, तेव्हा तापासह डोळ्यांमागे दुखू लागले तर वेदनाशामक म्हणून केवळ पॅरासिटामॉल घ्यावी आणि रक्त तपासावे.

मुलीबद्दल : अर्धशिशी संसर्गाने होत नाही, पण घराण्यात चालत येते, त्यामुळे तिलाही ती असू शकते. तत्पूर्वी एक पाहा. तिचे डोके बंद न्हाणीघरात गॅस गीझरवर आंघोळ केल्यानंतर दुखते का, आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरते का? तसे असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा. या वायूला वास नसतो. गीझर आजच बंद करून न्हाणीघराबाहेर बसवून घ्या आणि तिला त्वरित डॉक्टरांना दाखवा. गुंगी किंवा चक्कर असेल तर सकाळची वाट पाहू नका.