दाढा निर्दोष, तरीही जबडा दुखतो

प्रश्न : माझे वय ५८ आहे. गेले तीन महिने माझा उजवा जबडा आणि कानशील दुखत आहे आणि घास चावताना हे दुखणे वाढते. एक्स-रे काढून दाढांत दोष नसल्याचे दंतवैद्यांनी सांगितले आहे. कानही तपासून झाला. मग याचे कारण काय असू शकेल?
– एक वाचक

उत्तर : चेहऱ्यात जिथे दुखते तिथेच दुखण्याचे मूळ असते, असे नाही. दात, सायनस, जबड्याचा सांधा आणि चेहऱ्याची त्वचा या सर्वांच्या संवेदना प्रामुख्याने ट्रायजेमिनल नावाच्या एकाच नसेतून मेंदूकडे जातात; त्यामुळे सायनसला सूज आली की वरच्या दाढा दुखतात आणि खालची दाढ किडली की कान ठणकतो. म्हणून दुखणे केव्हा सुरू होते, किती वेळ टिकते आणि कशाने थांबते, हे डॉक्टरांना नीट सांगावे.

दातांखेरीज सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे जबड्याच्या सांध्याचा आणि चावण्याच्या स्नायूंचा विकार. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास सकाळी जबडा आखडतो, तोंड पूर्ण उघडत नाही आणि कानापुढे दाबल्यास दुखते. (नुसता ‘कट्’ असा आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर उपचारांची सहसा गरज नसते.) काही आठवडे मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम आणि गरज पडल्यास रात्री दातांवर बसवायचे आवरण एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो.

मात्र आपले वय आणि कानशिलाचे दुखणे पाहता आणखी एक शक्यता आधी तपासून घ्यावी, असे मला वाटते. पन्नाशीनंतर कानशिलाजवळच्या धमनीला सूज येण्याचा एक विकार होतो. त्यात काही घास चावल्यावर जबडा भरून येतो आणि चावणे थांबवले की थोड्याच वेळात मोकळा होतो. नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, बारीक ताप, वजन घटणे, सकाळी खांदे आखडणे ही त्याची इतर लक्षणे आहेत. क्षणभर अंधारी येणे किंवा एकाचे दोन दिसणे सुरू झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण या विकारात गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांवरून अंदाज येतो. संशय बळकट असल्यास धमनीचा तुकडा तपासून होण्याची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे वर सांगितलेल्या नसेच्याच विकाराचे, दुखणे अगदी निराळे असते. तोंड धुताना, दात घासताना किंवा वाऱ्याच्या झुळुकीनेही विजेचा झटका बसावा तशी कळ येते आणि काही सेकंदांत, फार तर दोनेक मिनिटांत, जाते. त्यावर साधी वेदनाशामके सहसा चालत नाहीत; कार्बामाझेपिन गुणकारी ठरते, पण ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे. या दुखण्यापायी चांगल्या दाढा काढून घेतलेले रुग्ण आढळतात, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

जेवताना जबड्याखाली गाठ फुगत असेल, तर लाळग्रंथीत खडा असू शकतो. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर ईसीजी आणि हृदयाची तपासणी विनाविलंब करावी; आणि छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह जबडा दुखू लागला, तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.