२० टनी पोकलेन ट्रेलरवर चढवताना मालकाने स्वतः काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की कराडजवळ जुनं २० टनी पोकलेन घेतलंय, ते चिपळूणला न्यायचंय, आणि ट्रेलरवाला म्हणतोय, "रस्त्याच्या कडेला कुठंही उभं करा, दहा मिनिटांत चढवतो." तो खोटं बोलत नाही, दहा मिनिटांत खरंच चढतं. पण त्यातली साधारण दोन मिनिटं अशी असतात की तेव्हा चूक झाली तर सुधारायला वाव राहत नाही. मी २३ वर्षं या धंद्यात आहे, आधी ऑपरेटर होतो, आता माझी स्वतःची दोन मशीन आहेत. त्या दोन मिनिटांची तयारी कशी करायची, तेच सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी जागा. रस्त्याची कड हा सर्वांत वाईट पर्याय, कारण रस्ता बाजूला उतरता असतो आणि साइडपट्टी मऊ असते. ट्रेलर डावीकडे थोडा जरी कलला तरी त्याचा पत्रा, म्हणजे मशीन ठेवायचा सपाट भाग, तोही कलतो, आणि लोखंडी पत्र्यावर मशीनची लोखंडी चेन, म्हणजे चाकांऐवजी असलेला पट्टा, साबणावर ठेवल्यासारखी सरकते. जागा सपाट, टणक आणि कोरडी हवी. पेट्रोलपंपाचं काँक्रीट, खडी क्रशरचं आवार, जुना दाबलेला मुरूम, यांतलं काहीही चालेल. काळी माती वरून कोरडी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. मी पहार मारून बघतो. ती सहज वीतभर आत गेली तर ट्रेलर तिथं लावत नाही. मग मान वर करून तारा बघा. गावाकडच्या ११ हजार व्होल्टच्या तारा उन्हाळ्यात किती खाली लोंबतात हे तुम्हाला माहीतच आहे, आणि चढताना बूम, म्हणजे मशीनचा पुढचा मोठा हात, नकळत वर जातो. तारेखाली मशीन चढवायचंच नाही.

आता ज्या गोष्टीकडे नव्वद टक्के लोकांचं लक्ष नसतं ती सांगतो. लोबेड, म्हणजे कमी उंचीच्या ट्रेलरचे मागचे अॅक्सल आणि त्यामागचं शेपूट डोळ्यांसमोर आणा. मशीन रॅम्पवरून शेपटावर आलं की सगळं वजन चाकांच्या मागे पडतं. ट्रेलर मुलांच्या सी-सॉसारखा होतो, मागे दबतो आणि पुढे उचलला जातो. पुढे जोडलेला घोडा, म्हणजे ओढणारा ट्रक, त्याच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं. आणि हँडब्रेक नेमका त्याच चाकांवर असतो! ब्रेक लागलेला असतो, पण चाकं जमिनीला धरतच नाहीत. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चांगले असतील तर निभावतं, पण जुन्या ट्रेलरचे ते किती वेळा चालू असतात हे मालकालाच विचारा. ब्रेक धरले नाहीत तर मशीनच्या धक्क्यानं अख्खा ट्रेलर पुढे सरकतो, रॅम्प निसटतात, आणि अर्धं वर अर्धं खाली असलेलं २० टनांचं धूड हवेत राहतं.

उपाय स्वस्त आहे. शेपटाखाली दोन्ही बाजूंना जाड लाकडी ठोकळ्यांचा घट्ट थर लावा, रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे उत्तम. काही ट्रेलरना मागे टेकूचे पाय असतात, ते असतील तर खाली सोडा. घोडा जोडलेलाच ठेवा. ट्रेलरच्या चाकांना पुढून आणि मागून पाचर लावा. पाचर म्हणजे पाचरच, हाताला लागलेला गोल दगड नव्हे. ट्रेलरवाला म्हणेल, "याची गरज नाही, मी रोज चढवतो." त्यावर वाद घालू नका, ठोकळे तुम्हीच घेऊन जा.

रॅम्पची लांबी मोजा. पत्रा जमिनीपासून साधारण १ मीटर उंच असतो. रॅम्प ४ मीटर लांब असेल तर चढ साडेचौदा अंशांचा होतो. ३ मीटरचा असेल तर साडेएकोणीस आणि अडीच मीटरचा असेल तर साडेतेवीसच्या पुढे. १५ अंशांच्या वर जायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही. रॅम्प छोटे असतील तर मुरमाचा धक्का, म्हणजे चढायला उतरता कट्टा, करून घ्या आणि ट्रेलर त्याला टेकवा. मात्र तो थर देऊन दाबलेला हवा. आदल्या संध्याकाळी डंपरनं ओतलेला ढीग म्हणजे धक्का नव्हे, मशीनची एक चेन त्यात खचली की पुढचं सगळं हातातून गेलं. रॅम्प दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे, चेनच्या रुंदीत बसणारे, आणि हुकात अडकवून खिळीनं बांधलेले असावेत. त्यांवर तेल किंवा ग्रीस असेल तर माती टाकून पुसून घ्या. चेनमधला चिखलही फावड्यानं काढून टाका. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण ओला चिखल मध्ये असला की पकड जवळपास उरतच नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतोय? साधारण १२ वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, एका कालव्याच्या कामावर मी मशीनमध्ये बसलो होतो. अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून ठेकेदाराची घाई चालली होती. ट्रेलरची डावी चाकं काळ्या मातीत चार बोटं रुतली होती, ते मला दिसत होतं. चेन चिखलानं भरली होती, तेही माहीत होतं. तरी मी हो म्हटलं. रॅम्पच्या टोकाशी येताच मशीन डावीकडे घसरलं. आमचा हेल्पर त्याच बाजूला रॅम्प आणि बांध यांच्यामध्ये उभा होता, हातात ठोकळा घेऊन, "मागे आलं तर लावतो" म्हणून. मशीन उलटलं नाही, पण त्याचा पाय रॅम्पखाली सापडला. तो वाचला, पण पाऊल गेलं. वय अवघं २१. आज तो किराणा दुकान चालवतो, माझ्याशी नीट बोलतो, आणि मी मात्र त्याच्या दुकानासमोरून जाताना अजूनही वेग कमी करतो.

त्या दिवसापासून माझ्याकडे एकच गोष्ट पक्की आहे. मशीन रॅम्पवर असताना रॅम्पच्या दोन्ही बाजूंना आणि मागे कोणीही उभं राहत नाही, कितीही अनुभवी असला तरी. ठोकळा लावायचा असेल तर तो मशीन चढायच्या आधी. इशारा देणारा माणूस एकच, आणि तो घोड्याच्या बाजूला, मशीन आडवं पडलं तरी पोचणार नाही इतका लांब आणि ऑपरेटरला दिसेल असा उभा राहतो. "थांब" मात्र कोणीही म्हणू शकतो, आणि ते ऐकलं की ऑपरेटर थांबतोच. मागे उभे राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना हात जोडून बाजूला करा.

आता प्रत्यक्ष चढवणं. सकाळी थंड तेलावर लगेच चढवू नका. दहा मिनिटं इंजिन आणि हायड्रॉलिक गरम होऊ द्या, नाहीतर लिव्हर झटके देतात. चालीचं बटण कासवाच्या चित्रावर, म्हणजे हळू चालीवर ठेवा. इंजिन आपोआप हळू-जलद करणारी सोय, म्हणजे ऑटो आयडल, बंद करा, कारण चढावर मध्येच इंजिनची गती वाढली की मशीन उसळतं. बूम पुढे, ट्रेलरच्या दिशेनं, आणि चेन फिरवणारे दाते असलेलं चाक, स्प्रॉकेट, मागे. बकेट पत्र्यापासून २० ते ३० सेंटीमीटर वर. मशीन जमिनीवर असतानाच रॅम्पच्या सरळ रेषेत आणा. रॅम्पवर वळवायचं नाही, वरचा भाग फिरवायचा नाही. तिरकं गेलंय असं वाटलं तर सरळ मागे, पार जमिनीपर्यंत उतरवा आणि नव्यानं सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. माझा सगळ्यात चांगला ऑपरेटर कधीकधी तीनदा उतरतो.

मग येते ती कड, जिथं रॅम्प संपतो आणि पत्रा सुरू होतो. मशीनचा पुढचा भाग हवेत जातो, ऑपरेटरला फक्त आभाळ दिसतं, आणि वजनाचा मध्य कडेवरून पुढे गेला की मशीन धाडकन पुढे आपटू शकतं. इथं जवळजवळ थांबत थांबत, इंच इंच पुढे जायचं. बकेट पत्र्याच्या जवळ धरलेली असली की तिचा हलका आधार घेऊन पुढचा भाग अलगद खाली ठेवता येतो. उतरवतानाही हीच कड, फक्त उलट्या दिशेनं. मशीन तोंड न फिरवता मागे मागे उतरवायचं, म्हणजे बूम चढाच्या बाजूलाच राहतो.

बूम वापरून रॅम्पशिवाय ट्रकवर चढवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ऑपरेटर हुशार असतात हे खरं. पण त्या वेळी सगळं मशीन बकेटच्या दातांवर आणि एका सिलिंडरच्या सीलवर तोललेलं असतं. तुमचं मशीन जुनं आहे, त्या सीलचं वय तुम्हाला माहीत आहे का? कोणी कितीही हमी दिली तरी हे करू देऊ नका.

ऑपरेटरनं सीटबेल्ट लावायलाच हवा. आपल्याकडे उलटी सवय आहे. दार उघडं ठेवून बसायचं, म्हणजे गडबड झाली तर उडी मारता येते. पण माणूस बहुतेक वेळा मशीन पडतं त्याच बाजूला उडी मारतो आणि केबिनखाली येतो. बेल्ट लावून आत धरून बसणारा वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. जुन्या मशीनमध्ये बेल्ट तुटलेला असेल तर चढवण्याआधी नवीन बसवून घ्या.

वर आल्यावर मशीन पत्र्यावर कुठं थांबवायचं, याचा अंदाज ट्रेलरवाल्याला असतो. फार मागे राहिलं तर घोड्याचं स्टिअरिंग हलकं होतं, फार पुढे गेलं तर घोड्याच्या अॅक्सलवर ताण येतो. नेमकी जागा सापडली की पत्र्यावर ऑइलपेंटनं खूण करून ठेवा, पुढच्या वेळी कामी येते. बकेट आणि आर्म (बूम आणि बकेटमधला हात) आत घेऊन बूम लाकडी ठोकळ्यावर टेकवा, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावा, सगळे लिव्हर निकामी करणारा सेफ्टी लिव्हर लावा, इंजिन बंद, चावी काढून घ्या.

बांधण्यासाठी दोर किंवा वायररोपचे जुने तुकडे चालणार नाहीत. ग्रेड ८० ची, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाची साखळी घ्या. १० मिमीच्या साखळीची सुरक्षित क्षमता सुमारे ३.२ टन असते, १३ मिमीची ५.३ टन, आणि २० टनांच्या मशीनला मी १३ मिमीचीच वापरतो. जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १६ टनांचा जोर पुढे येतो असं धरून बांधायचं असतं, आणि वळणावर निम्म्या वजनाएवढा बाजूला. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे, आणि बूम-बकेटवर पाचवी वेगळी. हुक खालच्या चौकटीतल्या बांधायच्या भोकांत लावा. सिलिंडरच्या चकचकीत दांड्याला किंवा होसपाइपवरून साखळी गेली तर नुकसान तुमचंच. साखळी घट्ट करायला झटकन बंद होणाऱ्या लिव्हरपेक्षा थोडा थोडा आवळत जाणारा रॅचेट बरा. ताणलेला लिव्हर सुटला तर तो थेट जबड्यावर येतो. चेनच्या पुढे-मागे पत्र्यावर लाकडी पाचरी ठोका, पण त्या साखळीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे.

कागदपत्रांचं थोडक्यात. अशा मशीनची रुंदी २.८ ते ३ मीटर असते आणि गाडीची नेहमीची मर्यादा २.६ मीटर, म्हणून जादा आकाराच्या मालाची परवानगी आधी काढून घ्यायला सांगा. माल मर्यादेबाहेर आला तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. वजन जास्त भरलं तर २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. कडांना लाल झेंड्या आणि रात्रीसाठी दिवे लावा. पत्र्यासकट उंची ४ मीटरच्या आसपास जाते, ती टेपनं मोजून ड्रायव्हरला कागदावर लिहून द्या.

कराडहून निघाल्यावर पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळा, सुरुवातीच्या हादऱ्यांनी मशीन बसतं आणि त्या सैल पडतातच. दुसऱ्यांदा हेळवाकला थांबा, कुंभार्ली घाट सुरू होण्याआधी. घाट उतरताना सगळं वजन पुढच्या दिशेनं ढकलत असतं, त्यात वळणं. तिथं पुढे ओढणाऱ्या साखळ्यांपेक्षा मागे खेचून धरणाऱ्या दोन साखळ्या जास्त महत्त्वाच्या, त्या हातानं हलवून बघा. पोफळीला उतरलात की परत एकदा.

चिपळूणला उतरवायची जागा आजच कोणाला तरी पाठवून बघून घ्या, तिथंही पहार मारायला सांगा. कोकणातली माती पावसानंतर वरून घट्ट दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. उतरवताना साखळ्या एकेक करून सोडा, आणि शेवटची सोडण्याआधी मशीन कुठल्या बाजूला झुकलंय का ते लांबून बघा. ट्रेलर रात्री पोचला तर सकाळपर्यंत थांबण्याचे पैसे ट्रेलरवाल्याशी आताच ठरवून ठेवा, म्हणजे अंधारात उतरवायची घाई कोणी करणार नाही.