कॅल्शियम स्कोअर दाखवून विमा कंपनीने दावा फेटाळला

प्रश्न: फेब्रुवारी 2022 मध्ये साध्या तपासणीत हृदयाचा सीटी स्कॅन केला, कॅल्शियम स्कोअर 64 आला. ऑगस्ट 2022 मध्ये आरोग्य विमा घेतला. अर्जात 'हृदयविकार आहे का?' याला 'नाही' लिहिलं. मे 2025 मध्ये अटॅक आला, स्टेंट घातला. कंपनी म्हणते, आजार वाढणार हे स्कॅनवरूनच कळत होतं, तुम्ही ते लपवलंत. (एक वाचक, कुडचडे)

उत्तर: दावा लढवण्यासारखा आहे. पण आधी 2022 च्या रिपोर्टमधलं 'इम्प्रेशन' (शेवटचा निष्कर्ष) वाचा. 'कार्डिओलॉजिस्टना दाखवावे' असं तिथे असेल, किंवा नंतर कुणी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) लिहून दिलं असेल, तर कंपनीची बाजू बळकट होते. पॉलिसीपूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर सल्ला वा उपचार दिला गेला, तोच 'आधीपासूनचा आजार'. पुढे काय होईल याचा अंदाज त्या व्याख्येत बसत नाही.

हा स्कॅन धमनीच्या भिंतीतलं कॅल्शियम मोजतो. धमनी किती अरुंद झाली ते त्यात कळत नाही, मऊ प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीयुक्त थर) तर दिसतच नाही. 64 हा 1 ते 99 या सौम्य गटातला आकडा. धोका आहे एवढं तो सांगतो. ब्लॉक कुठे आणि कधी होईल, हे नाही. आजाराचा वेग ठरवायला काही काळाने दुसरा स्कॅन लागतो, तो तुमचा झालेला नाही. शिवाय फारशा अरुंद नसलेल्या जागचा प्लाक फुटूनही अटॅक येतो. स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांकडून हे लेखी घ्या. मात्र प्लाक नव्हताच, असं म्हणू नका. स्कोअर शून्य नव्हता, आणि खोटं एक वाक्य सगळी केस बुडवतं.

कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत मागवा. 'कुठल्या तपासणीत दोष आढळला का?' यालाही 'नाही' असेल, तर काम अवघड आहे. 'फॉर्म एजंटने भरला' हा बचाव खाली तुमची सही असताना सहसा टिकत नाही. मनमोहन नंदा खटल्यात (2021) सर्वोच्च न्यायालयाने स्टॅटिनचा उल्लेख नसणं दावा फेटाळण्याइतकं गंभीर मानलं नाही, पण तिथे मधुमेह अर्जात सांगितलेला होता. पॉलिसीला सलग 60 महिने झाले असते, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचा मुद्दा काढताच आला नसता.

आता कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी पत्र द्या, त्यात नकाराला क्लेम रिव्ह्यू कमिटीची (दावे तपासणाऱ्या कंपनीच्याच समितीची) मंजुरी होती का ते विचारा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा 50 लाख, मुदत एक वर्ष. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुमच्या विरुद्ध गेला तरी मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथली मुदत दोन वर्षांची, ती नकाराच्या तारखेपासून धरून चाला. आयोगात आधी गेलात, तर लोकपाल प्रकरण घेणार नाहीत.

सगळ्यात घाईचं काम स्कॅनच्या सीडीचं. मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड देणं बंधनकारक आहे, पण ते जपायचं बंधन 3 वर्षांचंच, आणि तुमच्या स्कॅनची ती मुदत उलटून गेली आहे. लेखी अर्ज घेऊन सेंटरवर आजच जा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.