मैदानावरचे प्रश्न: पहिला बाण भरकटतो

प्रश्न : सर, मी दर्यापूर तालुक्यातली, अकरावीत आहे. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेल्या धनुष्याची तिरंदाजी करते. सरावात नेम बसतो, पण स्पर्धेत पहिला बाण कुठंही जातो. मैत्रीण म्हणते, डोळे मिटून मेडल डोळ्यांसमोर आण. त्यानं फरक पडेल का?

उत्तर : बेटा, मेडलचं चित्र आजच सोडून दे. चित्र बाणाचं पाहिजे. गोल्फमध्ये 18 मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा जिंकणारे जॅक निकलस सरावातही आधी चेंडू कुठं पडणार, हवेतून कसा जाणार हे मनात पाहत. मगच फटका मारत. तूही तसंच कर. बोटांवरचा दोरीचा ताण, हनुवटीला टेकलेली दोरी, बाण सुटल्यावर मानेमागे सरकलेला हात, हे सगळं अंगात जाणवलं पाहिजे. नुसता सिनेमा पाहून भागत नाही.

माझी एक पोरगी गोठ्याच्या खांबाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ओढायची आणि प्रत्येक ओढीला एक बाण मनात सोडायची. फार चांगली सवय! तूही हे कर, पण वेळ खरी ठेव. वैयक्तिक बाद फेरीत आळीपाळीनं बाण मारताना एका बाणाला 20 सेकंद मिळतात. तुमच्याकडं उघड्या काळ्या रानावरून दुपारी वारा सुटतो, तोही चित्रात घे. पंचाची शिट्टीसुद्धा.

आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं 2023 मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. पंधरा बाण, पण मारायचा एकेकच. रेषेवर उभी राहिलीस की श्वास सावकाश सोड, पहिला बाण मनात मार, मग धनुष्य उचल.