एमसीच्या जुन्या प्लगिनला हात लावण्याआधी

मिडनाइट कमांडर (एमसी, टर्मिनलमधला फाइल मॅनेजर) याची जुनी एक्स्ट-एफएस स्क्रिप्ट (अर्काइव्ह फोल्डरसारखं उघडून दाखवणारं प्लगिन) दुरुस्त करायला घेतलीस की एमसी बंद ठेव. स्क्रिप्ट थेट टर्मिनलमध्ये चालव, 'लिस्ट' आणि अर्काइव्हचं नाव देऊन, आणि बाहेर पडणाऱ्या ओळी वाच. बरेचसे घोळ तिथेच सापडतात.

सगळ्यात जास्त गडबड तारखेत. कित्येक स्क्रिप्ट 'एलएस' या फायली दाखवणाऱ्या कमांडच्या लांब यादीसारखी तारीख छापतात. त्यात सहा महिन्यांहून जुन्या फायलीची वेळच नसते, नुसतं वर्ष. शिवाय मशीनचं लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी असेल तर महिना मराठीत येतो आणि एमसीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यापेक्षा सगळं आकड्यांत दे: महिना-दिवस-वर्ष, मग तास आणि मिनिटं. वर्ष चार आकडी. हो, महिना आधी, अमेरिकन थाटात! आपल्या सवयीने दिवस आधी टाकलास तर ५ मार्चची फाइल मुकाट ३ मेची होते, एररसुद्धा येत नाही.

आता शेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. पहिल्या ओळीत 'बिन-एसएच' (/bin/sh) असेल तर बॅश हे जास्त सोयींचं शेल गृहीत धरू नकोस; उबंटूत २००६ पासून तिथे डॅश हे साधं शेल आहे. अ‍ॅरे, दुहेरी चौकटी कंस, '==' ची तुलना, काही चालणार नाही. 'इको'ला '-ई' दिलंस तर डॅश ते '-ई'ही छापतं आणि यादीच्या पहिल्याच रकान्याची वाट लागते. त्याऐवजी प्रिंटएफ वापर. 'डेट -डी' ग्नूचं (लिनक्सवरच्या टूल्सचं) आहे, मॅकवर त्याच्या भरवशावर राहू नकोस. 'ऑक' या मजकूर हाताळणाऱ्या टूलमधलं स्ट्रफटाइमही पॉसिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या सामाईक प्रमाणात) नाही.

शेवटी शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) चालव, आणि चाचणीला नावात स्पेस असलेलं एखादं अर्काइव्ह घे.